आधी गळती, मग ताकद: दोन लाख किलोमीटरची ऑक्टाव्हिया आरएस कशी सांभाळतो

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), आणि शटरच्या आत डाव्या हाताला कायम उभी असलेली एक काळी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. २००६ची. १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा), सिलिंडरला पाच-पाच म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह, कंपनीतनं निघताना १५० हॉर्सपॉवर. घेतली तेव्हा काट्यावर १,८४,००० होते, आज २,३१,००० आहेत. शेजारच्या गाळ्यातले मामा रोज सकाळी चहाला येतात आणि रोज एकच विचारतात, "आज काय खोललंयस?"

गेली काही वर्षं कॉलेजची पोरं येतात. कुणी जुनी लिनिया टी-जेट घेतलेली असते, कुणी पोलो जीटी टीएसआय, कुणी लॉरा. गाडी घेऊन आठवडा झालेला नसतो आणि पहिला प्रश्न असतो, "दादा, रिमॅप कुठं करायचा?" रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवणं. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी कंपनीनं दिलेले हॉर्सपॉवर परत आण, मग पुढचे माग. पंधरा-वीस वर्षांची टर्बो गाडी तिच्या कागदावरची ताकद देतच नसते. कुठं पाइपला चीर गेलेली असते, कुठं प्लगला ठिणगी देणारी कॉइल दमलेली असते, कुठं सेन्सर खोटं बोलत असतो. अशा गाडीला रिमॅप करून जास्त बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, मागितला, की चिरेतून गेलेली हवा भरून काढायला टर्बो आणखी जोरात फिरतो, आणखी तापतो आणि लवकर मरतो. खालचं सगळं माझ्या गाडीवरून लिहिलंय, पण गिअरबॉक्स सोडला तर बाकीच्या टर्बो पेट्रोल गाड्यांनाही बहुतेक लागू पडतं.

घेताना

आपल्या भागात जुनी गाडी बघायची तर पहिला प्रश्न इंजिनाचा नाही, पाण्याचा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेनं गाड्या पोटात घेतल्या. वॉशिंग, पॉलिश, नवीन मॅटिंग झालं की वरून काही कळत नाही. मी सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघतो. रोजच्या वापरात बेल्टचा तो शेवटचा हातभर भाग बाहेर येतच नाही, त्यामुळं कुणी धूत नाही. पुराचा मातकट डाग तिथं बसलेला असतो. मग सीटखालच्या पट्ट्यांचे बोल्ट बघायचे. वरची सगळी गाडी चकाचक आणि बोल्टना तांबडा गंज, असं दिसलं की चहा प्यायचा आणि घरी यायचं.

दुसरं, मालकाला आदल्या दिवशी सांगायचं, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावायचा. गरम लागला तर काहीतरी लपवायचंय. थंड इंजिन सुरू करून तीन-चार मिनिटं नुसतं सोडायचं, मग एकदा रेस करायची आणि मागं बघायचं. निळा धूर आला तर टर्बोचं सील किंवा व्हॉल्व्हचं सील, दोन्हीपैकी एक ऑइल सोडतंय. पांढरा धूर, त्याला गोडसर वास आणि कूलंटची पातळी उतरलेली असेल तर हेडपर्यंत जावं लागणार, असं धरून चाला.

टर्बो हातानं बघता येतो. एअर फिल्टरकडून येणारा रबरी पाइप सोडला की आत लहान पंखा दिसतो. इंजिन थंड आणि बंद असताना त्याच्या मधल्या नटाला दोन बोटांनी धरायचं आणि आधी आडवं हलवायचं. थोडं हलेल. हलायलाच पाहिजे, कारण ते बेअरिंग ऑइलच्या पातळ थरावर तरंगत चालतं आणि बंद इंजिनात तो थर नसतो. मात्र पाती घराच्या भिंतीला टेकता कामा नयेत. मग पुढं-मागं, शाफ्टच्या सरळ रेषेत, ढकलून-ओढून बघायचं. तिथं बोटाला टिक-टिक लागली तर थ्रस्ट बेअरिंग संपलं. आम्ही लेथवर स्पिंडलचा प्ले असाच चाचपतो, तेव्हा बोटाला ओळख आहे. तुम्हाला नसेल तर डायल गेज घेऊन एखाद्या लेथवाल्याला बरोबर न्या. वडापाववर येतो.

ऑइल

या इंजिनाचं सगळं दुखणं ऑइलपासून सुरू होतं, म्हणून इथं जरा थांबतो.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या कितीतरी वर फेऱ्या मारतो. एका बाजूला तांबडालाल एक्झॉस्ट, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मधे काही मायक्रॉनचा ऑइलचा थर. ऑइल जुनं झालं की त्या उष्णतेत करपतं. करपलेले कण खाली संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, येऊन बसतात आणि ऑइल पंपाच्या जाळीला चिकटतात. जाळी बुजली की पंपाला ऑइल कमी मिळतं, आणि सगळ्यात आधी उपाशी राहतो तो टर्बोच.

माझ्या गाडीच्या आधीच्या मालकानं सर्व्हिस एकदाही चुकवली नव्हती. बुकात सगळे शिक्के होते, दर १५,००० किलोमीटरला. तरीही मी गाडी घेतल्या घेतल्या संप उतरवला. जाळीवर काळं, कडक, दूध करपल्यावर पातेल्याच्या तळाला धरतं तसं काहीतरी बसलं होतं. निम्मी भोकं बंद. मामांनी स्क्रूड्रायव्हरनं एक खपली उचकटली, नखानं चुरडून बघितली आणि म्हणाले, "हे तर कोळसं हाय की!"

तेव्हापासून ऑइल दर ६,००० ते ७,००० किलोमीटरला, किंवा गाडी कमी चालली तर वर्षातून एकदा. फुल सिंथेटिक, ५डब्ल्यू-४०, आणि डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२.०० (स्कोडा ज्या गटातली, त्या फोक्सवॅगनचं ऑइलचं मानक) असं लिहिलेलं. फिल्टर धरून साडेचार लिटरच्या आसपास लागतं, पण आकड्यावर न जाता गजावर बघून भरा. जुना फिल्टर फेकायचा नाही. पत्रा कापून आतला कागद उघडा आणि उन्हात धरा. काळं असणारच. पण चमकणारे कण दिसले तर लोहचुंबक लावा: चिकटले तर लोखंड, न चिकटणारे पिवळसर-तांबूस असतील तर बेअरिंग. मी प्रत्येक फिल्टर कापतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि इंजिन खोलल्याशिवाय आतलं दाखवणारी एवढी स्वस्त गोष्ट दुसरी नाही.

संप उतरवणार असाल तर दोन गोष्टी. गिअरबॉक्सच्या बाजूचे बोल्ट हाताला येत नाहीत, लांब एलन की लागते. घाईत तिथलं डोकं गोल झालं तर दिवस गेला. आणि इथं पॅकिंग नसतं, सीलंटची वात ओढायची असते. वात बारीक ठेवा. जाड ओढली की आतल्या बाजूला सांडते, सुकून तुकडे पडतात आणि ते जाऊन नुकत्याच साफ केलेल्या जाळीवर बसतात.

इंजिन फ्लश नावाचं औषध अशा जुन्या इंजिनात घालू नका. वर्षानुवर्षं जागेवर बसलेला गाळ एकदम सुटतो आणि जाळीकडेच धावतो. गाळ आहे असा संशय असेल तर संप उतरवा, नाहीतर चांगलं ऑइल लवकर-लवकर बदलून हळूहळू धुऊ द्या. आणि गाडी चालवताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, बझर वाजला, तर "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" हा विचारसुद्धा नको. तिथल्या तिथं बंद.

टर्बो टायमर, म्हणजे चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारं यंत्र, घेऊ का, असंही विचारतात. गरज नाही. थंड इंजिन पहिली पाच-सात मिनिटं नरम चालवायचं आणि थांबण्याआधीचे शेवटचे दोन किलोमीटर सावकाश यायचं. पन्हाळा जोरात चढून गेलात तर लावण्याआधी मिनिटभर इंजिन चालू ठेवा. बस.

पट्टा आणि पाणी

टायमिंग बेल्ट. मालक सांगेल मागच्याच वर्षी बदललाय. बिल दाखवा म्हणायचं. बिल नसेल तर बदललेला नाही. हा पट्टा तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो, आणि इथं वीस व्हॉल्व्ह आहेत. पट्ट्याबरोबर टेन्शनर, रोलर आणि वॉटर पंप एकदमच बदलायचा, कारण पंप त्याच पट्ट्यावर फिरतो. पंप घेताना आतलं पातं धातूचं आहे का ते बघा. जुन्या पंपांचं प्लास्टिकचं पातं तडकतं किंवा शाफ्टवर मोकळं फिरायला लागतं. बाहेरून सगळं ठीक आणि आत पाणी फिरतच नाही. मी दर ६०,०००ला बदलतो. कुणी म्हणेल लवकर होतंय. होऊ दे.

कूलंट जी-१२, गुलाबी-लाल रंगाचं. दुसऱ्या रंगाचं त्यात मिसळायचं नाही. हे मला माहीत होतं, पण एका गॅरेजमध्ये गाडी दिवसभर होती आणि तिथल्या पोरानं चांगल्या मनानं हिरवं टॉपअप केलं. दोन महिन्यांनी टाकीत तपकिरी चिखल. तीन वेळा डिस्टिल्ड वॉटरनं धुवावं लागलं. तेव्हापासून टाकीच्या झाकणावर पेंटनं लिहिलंय: "हात लावू नये".

आता माझ्या हुशारीची गोष्ट. हेडच्या बाजूला कूलंटचा एक प्लास्टिकचा फ्लँज असतो. त्यावर पाइप येतात आणि तापमानाचा सेन्सरही त्यातच बसतो. पंधरा वर्षांनी हे प्लास्टिक बिस्किटासारखं होतं. नवीन मिळतो, महागही नाही. पण स्वतःचं व्हीएमसी असताना प्लास्टिक कशाला, असा किडा डोक्यात शिरला. अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून फ्लँज काढला. दिसायला असा देखणा झाला की मामांनी फोटो काढून नेला. गळती अडवणारी रबरी ओ-रिंग तीन एमएमची. तिला वीस टक्के तरी दाब मिळावा म्हणून खाच २.४ एमएम खोल पाहिजे. मी ड्रॉइंगवर २.४च लिहिली होती. मशीनवर ऑफसेट टाकताना चुकलो आणि खाच झाली २.७. दाब उरला दहा टक्के. शॉपमध्ये प्रेशर देऊन बघितलं तर थेंब नाही. आठवडाभर गावात थेंब नाही. नवव्या दिवशी वैभववाडीहून करूळ घाट चढत होतो, रात्रीचे साडेआठ, धो-धो पाऊस, आणि कूलंटचा दिवा लागला. गगनबावड्याला एका टपरीसमोर गाडी लावली. इंजिन निवायला पाऊण तास. या काळात टपरीवाल्या काकूंनी तीन चहा पाजले, दोन बाटल्या पाणी दिलं आणि "एवढ्या मोठ्या गाडीला पाणी लागतंय व्हय?" असंही विचारलं. झाकण पूर्ण गार झाल्यावर फडक्यानं उघडलं, साधं पाणी भरलं आणि दर दहा किलोमीटरला थांबत पहाटे घरी आलो.

आता गाडीला बाजारातला प्लास्टिकचा फ्लँज आहे आणि तो मी दर पट्ट्याबरोबर बदलतो. अॅल्युमिनियमचा माझ्या टेबलावर बिलं उडू नयेत म्हणून ठेवलाय. घरी भाग बनवायचा तर बनवा, पण बसवण्याआधी खाचेची खोली डेप्थ गेजनं मोजा. ड्रॉइंगवर काय लिहिलंय त्याला अर्थ नाही.

तापमानाचा काटा मधेच शून्यावर जाऊन परत येत असेल किंवा गरम गाडी लवकर सुरू होत नसेल, तर तो सेन्सर बघा. तो बिघडण्यासाठीच बनवल्यासारखा आहे. सुदैवानं क्लिप आणि ओ-रिंग एवढंच काम असतं.

हवेची गळती शोधायची ती अशी

"गाडी पिकअप घेत नाही" या तक्रारीतल्या बऱ्याच गाड्यांचं औषध हेच असतं. यंत्र घरी बनतं. लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइपची एंड कॅप आणायची. कोणत्या मापाची, ते टर्बोकडे जाणाऱ्या रबरी पाइपचं तोंड मोजून ठरवायचं. पंक्चरवाल्याकडून ट्यूबलेस टायरचा एक व्हॉल्व्ह घ्यायचा. कॅपच्या मधोमध भोक पाडून तो व्हॉल्व्ह आतून ओढून बसवायचा. झालं.

एअर फिल्टर आणि हवा मोजणारा सेन्सर सोडवून बाजूला ठेवायचे. मोकळ्या झालेल्या रबरी तोंडात कॅप घालून होज क्लिप आवळायची. आता महत्त्वाचं: त्याच पाइपला इंजिनाच्या पोटातला श्वास आणणारी ब्रीदरची नळी येते. ती काढून दोन्ही बाजू बंद करा. नाहीतर तुम्ही मारलेली हवा क्रँककेसमध्ये जाईल आणि चांगली सीलं उडवाल. मग टायरवाल्याचा गेज असलेला पंप लावून हळूहळू ०.७ बारपर्यंत जा, पुढं नको. आधी नुसतं ऐकायचं. कुठला तरी व्हॉल्व्ह उघडा असल्यानं सायलेन्सरकडून थोडा फुसफुस आवाज येणारच, तो सोडून द्या. मग भांड्याच्या साबणाचं पाणी बाटलीत भरून प्रत्येक सांध्यावर फवारायचं. जिथं फेस वाढेल तिथं चोर.

माझ्या गाडीत पहिल्या दिवशी तीन चोर सापडले. एक उजव्या पुढच्या चाकासमोर, बंपरच्या आत, इंटरकूलरच्या (टर्बोनं दाबून तापवलेली हवा गार करणारी जाळी) खालच्या पाइपला. या गाडीचा इंटरकूलर तिथं कोपऱ्यात असतो आणि चाकानं उडवलेले सगळे खडे तोच खातो. दुसरी चीर इनटेक मॅनिफोल्डखालच्या ब्रीदरच्या कोपऱ्यात. तिथं डोळा पोहोचत नाही, मोबाइलचा कॅमेरा घालून बघावं लागतं. रबर एवढं मऊ झालं होतं की हातात पेढ्यासारखं आलं. तिसरा चोर डायव्हर्टर व्हॉल्व्ह. अॅक्सिलरेटर सोडला की टर्बोनं दाबलेली हवा परत मागं वळवायचं काम त्याचं. त्याचा आतला पडदा फाटतो. तपासायला तो काढायचा, पडदा बोटानं वर ढकलून धरायचा आणि वरच्या बारीक नळीवर अंगठा दाबायचा. आता पडदा सोडला तरी तो वरच राहिला पाहिजे. खाली घसरला तर नवीन घ्या.

या तीन गोष्टींना मिळून एका रविवारच्या जेवणाएवढे पैसे लागले आणि गाडी दुसरीच झाली. गावातल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये जी जड वाटायची ती हलकी पळायला लागली.

इंटरकूलरचा पाइप सोडल्यावर आत ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून घाबरू नका, या वयात असतोच. वाटीभर ओतलं गेलं तर मात्र टर्बोकडे परत बघा.

ठिणगी

फार लिहिण्यासारखं नाही. चार प्लग, चार कॉइल. प्लगची फट ०.७ ते ०.८ एमएम, फीलर गेजनं मोजून. इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करत असेल आणि इंजिन थरथरत असेल तर मिसफायर आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून काढतं, म्हणून बाजूला घ्या. स्कॅनरवर पी०३०२ आला म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. तिथली कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा. कोड पी०३०३ झाला तर कॉइलच दोषी. तसाच राहिला तर प्लग, वायरिंग, इंजेक्टर, या क्रमानं बघा. चारही कॉइल एकदम बदलायला लावणारे भेटतील. माझ्या मते कॉइल चार घ्याव्यात, पण लावायची एक, तीन डिकीत.

मोजल्याशिवाय मत नाही

फोक्सवॅगन-स्कोडाची खोलातली माहिती वाचणारी केबल आणि जुना लॅपटॉप, एवढ्यात घरी डॉक्टर होता येतं. त्यात आकडे गटागटानं दिसतात, एका गटाला ब्लॉक म्हणतात. मी दर महिन्याला तीन ब्लॉकचे आकडे वहीत लिहितो.

ब्लॉक ०३२ मध्ये इंजिनाचा संगणक पेट्रोल किती वाढवतोय किंवा कमी करतोय ते कळतं. एक आकडा आयडलचा (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू), दुसरा चालतानाचा; दोन्ही अधिक-उणे पाचच्या आत असले की झोप येते. आयडलचा आकडा अधिककडे गेला तर कुठंतरी न मोजलेली हवा आत येतेय, म्हणजे व्हॅक्यूमची नळी. आयडल ठीक पण चालतानाचा आकडा अधिक दहाकडे, तर हवा मोजणारा सेन्सर कमी सांगतोय किंवा पेट्रोल पुरत नाही; फिल्टर, पंप. सेन्सर आधी त्याच्याच स्प्रेनं धुवून बघा. त्याच्या तारेला बोट किंवा कापड लावू नका.

ब्लॉक ११५ मध्ये मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी दिसतो. इथं कोल्हापूरकरांसाठी एक गंमत. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी तिथं ९४५-९५० मिलिबारच्या आसपास दिसतं. मला आधी वाटलं सेन्सर गेला. गेला नव्हता, आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर राहतो. मालवणला तीच गाडी हजाराच्या वर दाखवते. हा आकडा वजा केला की खरा बूस्ट. मागितलेला आणि मिळालेला यांत फार अंतर पडत असेल तर पुन्हा साबणाचं पाणी.

ब्लॉक ०२० म्हणजे इंजिन ठोकतंय (आतलं पेट्रोल भलत्या वेळी आपोआप पेटतंय) म्हणून संगणकानं ठिणगी किती अंश मागं घेतली ते. थोडं मागं घेणं चालतं. चारही सिलिंडरना सात-आठ अंश मागं जात असेल तर पेट्रोल, प्लग, कार्बन किंवा उष्णता यांपैकी काहीतरी बिघडलंय आणि रिमॅपचा विषय बंद.

हे आकडे घ्यायला गाडी रस्त्यावर फाडायची गरज नाही. तिसऱ्या गिअरमध्ये २,००० ते ४,००० आरपीएम, म्हणजे साधारण नव्वदच्या स्पीडपर्यंत, मोकळ्या रस्त्यावर. लॅपटॉप शेजारच्याच्या मांडीवर. स्टिअरिंगवरच्या माणसानं स्क्रीनकडे बघायचं नाही. त्याच्या वरचं सगळं डायनोवर, म्हणजे गाडी रोलरवर चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर.

आता ताकद

क्रम असा ठेवा: टायर, ब्रेक, बुश, शॉकअप. त्यानंतर इंजिन. १,८४,००० चाललेल्या गाडीचे लोअर आर्मचे बुश म्हणजे नावाला रबर. ते बदलले, ब्रेक ऑइल डॉट-४ नवीन घातलं आणि बरेचजण इथंच थांबतात, कारण गाडी अचानक नवीन वाटते.

तरीही हौस असेल तर रिमॅप. कंपनीच्याच टर्बोवर ही गाडी १८०-१९० हॉर्सपॉवरच्या घरात आणता येते. टॉर्क त्याहून जास्त जाणवतो. करणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. मूळ फाइल जपून मला देणार का? माझ्या गाडीचे आकडे आधी घेणार का, की तयार फाइल ओतणार? करून झाल्यावर ब्लॉक ०२० दाखवणार का? तिसऱ्या प्रश्नाला जो हसला त्याच्याकडे करू नका. मला पहिला असाच भेटला होता. गाडी पळायची झकास, पण चौथ्या गिअरमध्ये ठोकायची. मी मूळ फाइल परत घालून घेतली, सहा महिने थांबलो आणि दुसरीकडे सौम्य करून घेतला.

रिमॅपनंतर पहिला क्लच बोलतो. चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून पूर्ण दाबा. आरपीएम चढतो पण स्पीड त्या मानानं चढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. त्याचे पैसे रिमॅपच्या पैशांतच धरून ठेवा.

पोरांना सगळ्यात जास्त हवा असतो तो "फुस्स" आवाज. हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह या गाडीला लावू नका. आत येताना मोजलेली हवा बाहेर सोडली तरी संगणक तिच्या हिशेबानं पेट्रोल घालतो आणि गिअर बदलताना गाडी काळा धूर ओकून अडखळते. उघडा कोन फिल्टरही तसाच. आवाज छान, पण बॉनेटखालची गरम हवा ओढतो. त्यापेक्षा फिल्टरच्या डब्याला बाहेरची हवा आणणारी नळी जागेवर आहे का बघा. निम्म्या गाड्यांत ती कुणीतरी काढून फेकलेली असते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की गाडी कंपनीच्या मूळ रचनेपासून बदलता येत नाही. अपघात झाला की विमा कंपनीही हेच बोट दाखवू शकते. म्हणून मी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला नाही, सायलेन्सर मूळचाच आहे, आणि पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला गाडी जशी होती तशी नेली. पुढं दर पाच वर्षांनी परत न्यायचीच आहे.

ऊस आणि पाऊस

ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यावर माझ्या ०३२ च्या दोन्ही आकड्यांनी अधिककडे उडी मारली. साहजिक आहे, इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून तेवढ्याच हवेला संगणक जास्त ओततो. काळजी रबराची. २००६च्या नळ्या या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीच्या नळ्या खातंय म्हटल्यावर तक्रार तरी कुणाकडं करायची! मी इंजिनाजवळच्या सगळ्या पेट्रोलच्या नळ्या इंधन इंजेक्शनसाठीच्या, इथेनॉल चालणाऱ्या नळीनं बदलल्या. गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास आला तर आधी नळी बघायची, मग गाडी सुरू करायची. महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी सोडू नका, भरून ठेवा.

मृगाआधी एक काम न चुकता. वायपरखालच्या खोबणीत पाणी वाहून जायची भोकं असतात. ती पाल्यानं बुजली की पाणी साचतं आणि केबिन फिल्टरच्या वाटेनं आत, डावीकडच्या पायाखाली येतं. माझ्याकडे एका पावसाळ्यात शेजारच्या सीटचं मॅटिंग पिळून पाणी निघालं आणि मी काच गळते म्हणून काचवाल्याकडे दोन चकरा मारल्या. भोकात बोट घालून बघा. निलगिरीची पानं निघतील.

हंगाम सुरू झाला की रात्री कागलकडे किंवा राधानगरीकडे जाताना ताकद विसरा. पुढं बिनदिव्याची उसाची ट्रॉली असते आणि रस्त्यावर पडलेलं एक कांडं बंपरखालच्या इंटरकूलरला पुरेसं असतं.

डिकीत माझ्या एक पत्र्याचा डबा असतो. तीन कॉइल, एक प्लग, चार मापांच्या होज क्लिपा, हातभर व्हॅक्यूमची नळी, तापमानाचा सेन्सर, फ्लँजची ओ-रिंग, एक लिटर ऑइल, दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर, टॉर्च, फडकं. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय: ऑइल २,३६,०००; प्लग २,४०,०००; पट्टा, पंप, फ्लँज २,४४,०००.